फुटाला चार आणे

आमच्या गावाला डोंगर नाही.
उंच म्हणाल तर बंद गिरणीची चिमणी,
तिच्यावर चढायला मनाई.
म्हणून मी जिना धरला,
साखर पेठेतल्या धर्मादाय दवाखान्याचा.
बहात्तर पायऱ्या, तीन मजले,
लिफ्टच्या जागी नुसती चौकोनी विहीर,
तळाला कबुतरं.
डायलिसिसची मशीनं मात्र तिसऱ्या मजल्यावर,
कारण पाण्याची टाकी गच्चीवर.
असं कुणीतरी कधीतरी ठरवलं.

फेब्रुवारीत मला बर्फात चढायचंय,
साडेबारा हजार फूट, लिफ्टसाठी.
वहीत आकडे आहेत:
चिप्पा शेठ, फुटाला रुपया,
"पण शिखराला पोचलीस तरच हां."
चेकिंग खात्यातल्या आम्ही अकराजणी, चार-चार आणे.
विडी वळता वळता नागमणी म्हणाली,
"माझा एक पैसा लाव."
मग मी हिशेब सांगितला, सव्वाशे होतात.
तिचे हात थांबले.
सुपातल्या तंबाखूकडं बघत राहिली जरा.
"लिही," म्हणाली.

पाठीवर बारा किलो टॉवेल,
सेकंड क्वालिटीचे, धागा सुटलेले.
पहाटे साडेचारला सिद्धेश्वर तलावाला तीन फेऱ्या,
गड्ड्याचे पाळणे अर्धे उभे, अर्धे जमिनीवर,
शेकोटीजवळचा पाळणेवाला विचारतो,
"काय बाई, कुणाशी भांडून निघालीस?"
संध्याकाळी जिना. वर, खाली, वर.
नर्सबाई म्हणतात, काय करायलीस हे,
निदान सलाईनचे खोके तरी वर ने.
नेते.

थंडी कुठून आणायची हा प्रश्न होता.
इथली थंडी म्हणजे कानटोपी आणि दहा वाजता ऊन.
बर्फाच्या कारखान्यात मुनीम गुरुनाथ विचारतो,
"लादी पाहिजे का बसायला पाहिजे?"
बसायला.
रोज पंधरा मिनिटं, गोणपाटावर.
तिथं कळलं,
थंडी आधी बोटांत येत नाही,
आधी शब्द जाड होतात.
स्वतःचं नाव म्हणून बघितलं,
कुणा दुसऱ्याच बाईचं वाटलं.

त्या गुरुवारी वॉर्डबॉय बसवराज गड्ड्याला गेलेला,
दुसरा आलाच नाही.
खाली बाकावर राजमल्लू काका,
चाळीस वर्षं मागावर उभे राहिलेले पाय
आता सुजून चपलेत मावेनात.
चारची वेळ, साडेचार झालेले.
मी टॉवेलचं बोचकं कोपऱ्यात ठेवलं,
पाठ केली, म्हटलं, बसा.
"वजन किती असतं तुझं रोजचं?"
बारा किलो.
"मी एक्कावन्न. कालच केलंय."
बसले.

गळ्याभोवती त्यांची बोटं,
तुटलेला धागा न बघता जोडणारी,
आता गाठ सुटेल म्हणून धरावी तशी घट्ट.
कानाशी मोजणी सुरू:
ओकटी, रेंडू, मूडू.
मी माझा श्वास त्या आकड्यांना बांधला.
पहिला मजला. दुसरा.
मांड्या थरथरायला लागल्या,
मी दात आवळले,
आणि यभईला, म्हणजे पन्नासाव्या पायरीला,
काका म्हणाले,
"थांब की जरा. दमलो मी."

बसलो दोघं पायरीवर.
लिफ्टच्या विहिरीतून कबुतराचं पीस
वरच्या वर तरंगत होतं.
"किती फूट झालं?"
तीस धरा.
"माझा भाव काय लावलास?"
तुमचा नाहीच लावला.
"चार आणे लाव. साडेसात झाले."
सदऱ्याच्या खिशातून दहाची नोट काढली,
घडीवर घडी घातलेली.
"सुट्टे नाहीत. उरलेले अडीच
उतरताना वळते कर."

वर नेऊन झोपवलं, सुई लागली,
मशीन घरघरू लागलं.
मी खाली आले, बोचकं उचललं.
हलकं लागेल असं वाटलं होतं.
नाही लागलं.